जाहिरातीत कूर्ग, पत्त्यात पिरियापट्टण

म्हैसूरहून मडिकेरीला जाणारा रस्ता हुणसूर, पिरियापट्टण करत बायलकुप्प्याजवळून कोप्पा गावाशी येतो आणि तिथे कावेरीच्या पुलावर चढतो. पुलाच्या अलीकडे म्हैसूर जिल्ह्यातला पिरियापट्टण तालुका, पलीकडे कुशालनगर, म्हणजे कोडगू जिल्हा. इंग्रजी अमदानीत कोडगूचं ‘कूर्ग’ झालं आणि पर्यटनाच्या धंद्यात आजही तेच नाव चालतं. पूल ओलांडायला मिनिटभर पुरतं. पण ‘कूर्ग’ या नावामुळे खोलीला जो भाव येतो, तो पुलाच्या अलीकडच्या मालकालाही हवा असतो. म्हणून पिरियापट्टण तालुक्यातल्या खोल्याही बुकिंगच्या यादीत सर्रास ‘कूर्ग’मध्ये सापडतात.

यात बिघडलं कुठे, असं कोणी म्हणेल. दोन-चार किलोमीटरचा तर प्रश्न. पण ‘कूर्ग’ म्हटल्यावर पुण्या-कोल्हापूरहून निघालेल्या कुटुंबाच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं, ते मडिकेरीच्या बाजूचं असतं: डोंगरउतार, धुकं, कॉफीचे मळे, झाडांवर चढलेले मिरीचे वेल. मडिकेरी समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे आणि तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला कुशालनगरकडे उतरलं की तीसेक किलोमीटरमध्ये उंची साडेआठशे मीटरच्या घरात येते, पाऊस झपाट्याने घटतो आणि जमीन सपाट होते. देशातल्या कॉफीपैकी सुमारे एकतृतीयांश कोडगूत पिकते. पिरियापट्टणचं नगदी पीक मात्र तंबाखू. हुणसूर-पिरियापट्टण हा व्हर्जिनिया तंबाखूचा पट्टा आहे आणि पानं भाजण्याच्या उंच भट्ट्या इथल्या शेतांत जागोजाग दिसतात. कॉफीच्या फुलांचा वास घ्यायला आलेल्या पाहुण्याला खिडकीबाहेर मका आणि तंबाखू दिसला, तर त्याला फसल्यासारखं वाटणारच.

पण यात दोष पिरियापट्टणचा नाही. या तालुक्यात पाहण्यासारखं भरपूर आहे. बायलकुप्प्याची तिबेटी वसाहत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या म्हैसूर राज्य सरकारने निर्वासितांना दिलेल्या जमिनीवर उभी राहिली. पेनोर रिनपोचे यांनी १९६३ साली स्थापन केलेला नामद्रोलिंग मठ तिथेच आहे, आणि त्याच्या सुवर्णमंदिरातल्या तीन सोनेरी मूर्ती साठेक फूट उंचीच्या आहेत. बेट्टदपूरच्या डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे. गंमत म्हणजे ‘कूर्ग दर्शन’च्या बहुतेक सहलींत हे सुवर्णमंदिर हमखास असतं आणि ते कोडगूत नसून पिरियापट्टण तालुक्यात आहे हे पर्यटकाला सांगायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मालकाने सरळ ‘बायलकुप्प्याजवळ, शेतात, शांत जागी’ असं लिहिलं असतं, तर त्यासाठीही माणसं खुशीने आली असती. ग्राहक चिडतो तो एका गावाचे पैसे घेऊन दुसऱ्या गावात उतरवल्याबद्दल.

कधी कधी हा फरक नुसत्या निराशेवर भागत नाही. बायलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत परदेशी पासपोर्टधारकाला मुक्काम करायचा असेल, तर केंद्रीय गृह मंत्रालयाचा परवाना आधी काढावा लागतो. अमेरिकेहून सुट्टीला आलेला भाऊ आणि त्याची तिथेच जन्मलेली मुलं यांच्यासाठी कोणी ‘कूर्ग’मधली खोली घेतली आणि ती वसाहतीच्या हद्दीत निघाली, तर प्रश्न थेट कायद्याचा होतो.

पिनकोडचा चौथा आकडा

नाव काहीही असो, पत्ता सहसा खोटा लिहिता येत नाही, कारण बिल आणि टपाल त्यावरच येतं. मडिकेरीचा पिनकोड ५७१२०१, कुशालनगरचा ५७१२३४, विराजपेटचा ५७१२१८. नदीच्या अलीकडे पिरियापट्टण ५७११०७, बायलकुप्पे ५७११०४. पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे, पण चौथ्या जागी कोडगूकडे दोन आणि पिरियापट्टणकडे एक. नदीचा काठ कोणता ते एवढ्यावरून कळतं.

ही सोय आपल्याला दिली ती एका मराठी माणसाने. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून पत्रांची वाट चुकू नये, हा तिचा हेतू. पर्यटकाची वाट चुकू नये म्हणूनही ती तितकीच कामाची आहे.

पिनकोडही पुरेसा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. कुशालनगर कोडगूतच आहे आणि तेही सपाटीवरच आहे. म्हणजे जाहिरात जिल्ह्याच्या बाबतीत खरी असूनही अपेक्षेच्या बाबतीत खोटी ठरू शकते. म्हणून पत्ता मिळाला की पुढचं काम नकाशाचं. उपग्रहाच्या चित्रात ती जागा मोठी करून पाहा. गच्च झाडी दिसते की शेतांचे चौकोन, नदी आवाराला लागून आहे की मध्ये दुसऱ्याचं शेत आणि रस्ता आहे, शेजारी हमरस्ता किंवा मंगल कार्यालय आहे का, हे सगळं छपरावरून दिसतं. छायाचित्रकाराला कोपरा निवडता येतो, उपग्रहाला नाही.

रुळलेल्या शब्दांची झडती

जाहिरातीतले शब्द बहुधा सरळसरळ खोटे नसतात. ते ताणलेले असतात. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणजे नदी दिसते, पण ती कुठल्या खोलीतून हे सांगितलेलं नसतं. गच्चीच्या एका कोपऱ्यातून दिसली तरी शब्द खरा ठरतो. कोकणात ‘सी टच’चं हेच होतं. वाळू आणि आवार यांच्यामध्ये गावचा रस्ता, सुरूचं बन आणि शेजाऱ्याची वाडी असते. ‘सुवर्णमंदिरापासून पाच मिनिटं’ ही पाच मिनिटं गाडीने, सकाळी सहा वाजता, रस्ता मोकळा असताना. ‘चोवीस तास गरम पाणी’ म्हणजे छपरावर सोलर आहे. सलग ढगाळ दिवस आले आणि जोडीला गीझर नसला की आंघोळीचे वांधे. ‘स्विमिंग पूल’ म्हणजे पोहण्याजोगा तलाव की मुलांनी डुंबण्याचं टाकं, तो या महिन्यात भरलेला असेल की रिकामा, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ‘घरगुती जेवण’ हा शब्द तर सर्वांत लवचीक. शाकाहारी आहे का, दोन्ही वेळ आहे का, भाड्यात धरलेलं आहे का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

कावेरीचंही तसंच. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत कुशालनगरच्या परिसरात ती भरून वाहते. उन्हाळ्यात पाणी उतरतं, खडक उघडे पडतात. जाहिरातीतला फोटो ऑक्टोबरचा आणि तुमची सुट्टी मे महिन्यातली, म्हणजे नदी तीच असूनही देखावा दुसराच.

आता फोटोकडे वळू. खोलीचा फोटो जवळजवळ नेहमी दाराच्या कोपऱ्यातून, रुंद टप्प्याच्या भिंगाने काढलेला असतो. आजच्या अनेक मोबाइलमध्ये ०.५ची जी सोय असते, ती याच जातीची. अशा भिंगात जवळच्या वस्तू मोठ्या आणि दूरच्या लहान दिसतात, त्यामुळे समोरची भिंत मागे सरकल्यासारखी वाटते आणि दहा बाय दहाची खोली दिवाणखान्याएवढी भासते. ओळखायची खूण सोपी आहे. पलंगाची जवळची कड बघा. ती कॅमेऱ्याकडे ताणून रुंद झालेली असते. फोटोच्या कडांजवळचं कपाट, दिवा किंवा उशी तिरकी ओढल्यासारखी दिसते. मग खोलीचा अंदाज पलंगावरून बांधा. दोघांचा पलंग साधारण सहा फूट रुंद धरला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना चालायला किती जागा उरते? एका बाजूने पलंग भिंतीला टेकलेला असेल, तर खोली लहान आहे हे नक्की. आणि फोटोत जे नाही तेही बघा. दहा फोटो बागेचे, झोपाळ्याचे, सूर्यास्ताचे, आणि न्हाणीघराचा एकही नाही, तर त्या न्हाणीघराविषयी मालकाचं मत काय आहे ते त्याने न बोलता सांगितलेलं असतं.

ताऱ्यांचाही घोळ लक्षात घ्यायला हवा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांना तारे देते, पण ते वर्गीकरण ऐच्छिक आहे. संकेतस्थळावर नावाखाली दिसणारे चार तारे पुष्कळदा त्या समितीचे नसतात. ते ग्राहकांनी दिलेले गुण असतात किंवा संकेतस्थळाने आपलं आपण लावलेलं लेबल. ‘होमस्टे’चं तेच. केंद्राच्या होमस्टे योजनेत मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं आणि भाड्याच्या खोल्या जास्तीत जास्त सहा, अशी अट आहे. महाराष्ट्रातली ‘निवास न्याहरी’ योजनाही घरातल्या जादा खोल्या पाहुण्यांना द्यायच्या याच कल्पनेवर उभी आहे. मालक दुसऱ्या शहरात, चाव्या राखणदाराकडे आणि खोल्या पंधरा, असं असेल तर ते लॉज आहे. लॉज असणं गुन्हा नाही. त्याला होमस्टे म्हणणं ही नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा अशी गत.

अभिप्रायांवर किती विसंबायचं? लंडनमध्ये २०१७ साली उबा बटलर या पत्रकाराने आपल्या अंगणातल्या शेडला उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवलं आणि मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले. अस्तित्वात नसलेलं ते उपाहारगृह काही महिन्यांत शहराच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२च्या नोव्हेंबरात ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. वाचकाच्या हाती एवढंच आहे की पाच तारेवाले आणि एक तारावाले दोन्ही बाजूला ठेवून मधले, तीन तारेवाले अभिप्राय आधी वाचावेत. तिथे माणूस न रागावता, न भाळता ‘गरम पाणी सकाळी नवापर्यंतच आलं’ असं नेमकं काहीतरी लिहून गेलेला असतो.

जार्विस यांचा नाताळ

फसलेल्या सुट्टीबद्दल नुकसानभरपाई मिळू शकते, हे कायद्यात ज्या खटल्याने पक्कं केलं तो इंग्लंडमधला आहे. जार्विस नावाचे एक सॉलिसिटर. वर्षाकाठी दोन आठवड्यांची सुट्टी मिळायची. १९६९च्या नाताळात त्यांनी स्वान्स टूर्स कंपनीच्या माहितीपत्रकावरून स्वित्झर्लंडमधल्या मर्लिआल्प या गावी पंधरा दिवसांची सहल घेतली आणि त्यासाठी ६३ पौंड ४५ पेन्स मोजले. माहितीपत्रकात घरगुती मेळाव्याचं वातावरण, स्वागत समारंभ, दुपारच्या चहाबरोबर केक, खास बार, योडलिंग गाण्यांची संध्याकाळ आणि इंग्रजी बोलणारा यजमान, असं सगळं होतं.

पहिल्या आठवड्यात तिथे तेरा पाहुणे होते. दुसऱ्या आठवड्यात जार्विस एकटेच उरले. यजमानाला इंग्रजी येत नव्हतं. केकच्या जागी बटाट्याचे वेफर आणि कोरडे नटकेक आले. बार एका रिकाम्या जोडइमारतीत होता आणि एकाच संध्याकाळी उघडला. योडलिंग करणारा म्हणून गावातलाच एक माणूस कामाच्या कपड्यांत आला, चार-पाच गाणी घाईघाईने म्हणून निघून गेला.

खालच्या न्यायालयाने हिशेब मांडला: अर्धी सहल मिळाली, तर अर्धे पैसे परत, ३१ पौंड ७२ पेन्स. १९७२ साली अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी तो हिशेबच चुकीचा ठरवला. माणसाने नुसती खोली आणि जेवण विकत घेतलेलं नव्हतं. त्याने आनंद विकत घेतला होता आणि तो मिळाला नाही. त्या मनस्तापाचीही भरपाई व्हायला हवी. रक्कम १२५ पौंड झाली, म्हणजे सहलीच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट.

या निकालात आपल्या उपयोगाची एक बारीक गोष्ट आहे. जार्विस जिंकले, कारण केक, बार, योडलिंग, इंग्रजी बोलणारा यजमान ही आश्वासनं छापील होती आणि एकेक करून ताडून पाहता येत होती. ‘स्वर्गीय अनुभव’ एवढंच छापलेलं असतं, तर न्यायालयापुढे मोजायला काहीच उरलं नसतं.

आपला कायदा

भारतात मनस्तापाची भरपाई नवी नाही. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाला झालेल्या त्रासाची आणि मानसिक क्लेशाची भरपाई देण्याचा ग्राहक मंचांचा अधिकार मान्य केला. ग्राहक चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा बारा वर्षं दूर होता.

आता लागू आहे तो २०१९चा कायदा. २० जुलै २०२० पासून तो अमलात आला. सुट्टीला निघणाऱ्याने त्यातल्या काही तरतुदी ध्यानात ठेवाव्यात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत खोटं वर्णन तर येतंच, पण महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. म्हणजे ‘आम्ही खोटं काही लिहिलंच नाही’ एवढ्याने मालकाची सुटका होत नाही. बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सेवेत उणीव असताना पैसे परत करायला नकार देणं, हेही त्याच व्याख्येत बसतं. २०२२च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार खालच्या बारीक खुलाशाने वरच्या ठळक दाव्याला छेद देता येत नाही. वर ‘खासगी स्विमिंग पूल’ आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘इतर पाहुण्यांसोबत सामायिक’ ही चलाखी त्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. नोव्हेंबर २०२३च्या सूचनांनी तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली. त्यांत ‘आता एकच खोली शिल्लक’ अशी खोटी घाई आणि शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत या दोन्ही आहेत.

पण सर्वांत मोठा बदल तक्रार कुठे करायची याचा आहे. जुन्या कायद्यात सामान्यतः समोरचा जिथे असेल तिथे, किंवा प्रकार जिथे घडला तिथे जावं लागे. साताऱ्याच्या माणसाने दोन रात्रींच्या भाड्यासाठी म्हैसूरला खेटे घालायचे, हे कोण करणार? आता तुम्ही राहता किंवा काम करता, त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि तक्रार ऑनलाइनही करता येते.

त्याआधीची पायरी संकेतस्थळाची. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकालात काढायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुष्कळ तंटे तिथेच मिटतात.

एक प्रकार मात्र वेगळा काढायला हवा. जागा आहे पण सांगितली तशी नाही, हा ग्राहकाचा तंटा. जागाच नाही, बनावट पानावर दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून आगाऊ रक्कम उकळली, ही फसवणूक. तिथे ग्राहक आयोगाची वाट न बघता तत्काळ १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळवायचं. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

दारात उभं राहिल्यावर

खोली बघून मन खट्टू झालं की बहुतेक कुटुंबांत दोनच गोष्टी होतात. एक तर बाबा राखणदारावर ओरडतात, ज्याचा यात काही दोष नसतो. नाही तर आई म्हणते, “जाऊ दे, दोन रात्रींचा तर प्रश्न आहे.” दोन्हींनी पुरावा हाती लागत नाही. सामान उघडण्याआधी खोलीचा, न्हाणीघराचा, खिडकीबाहेरच्या देखाव्याचा सलग व्हिडिओ काढा. त्यात दारावरचा क्रमांक आणि बाहेरची पाटी येऊ द्या. जाहिरातीचं पान मोबाइलवर जसंच्या तसं जतन करा, कारण तक्रारीनंतर ते बदलू शकतं. मग मालकाला आणि संकेतस्थळाला लेखी कळवा: काय सांगितलं होतं, काय मिळालं, काय हवं आहे. दुसरी खोली, भाड्यात सूट की पूर्ण परतावा, ते स्पष्ट लिहा. फोनवरचं बोलणं झाल्यावर त्याचा सारांशही संदेशाने पाठवा. जावंच लागलं दुसरीकडे, तर तिथली पावती जपा.

खरी लढाई मात्र पैसे भरण्याआधीची आहे आणि तिला दहा मिनिटंही लागत नाहीत. पिनकोडसह पूर्ण पत्ता मागा. आमची खोली नेमकी कोणती, तिचा आणि न्हाणीघराचा फोटो पाठवा, म्हणा. नदी त्या खोलीतून दिसते का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, वीज गेली तर काय, जेवण भाड्यात आहे का, आम्ही येऊ त्या तारखांना स्विमिंग पूल सुरू असेल का, हे सगळं संदेशातून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. प्रामाणिक मालक उत्तर देतो. उलट, नीट विचारणारा पाहुणा त्याला बरा वाटतो. जो ‘या तर खरं, मग बघू’ म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. विशेषणांवर पैसे टाकू नका. त्यांचं वाक्यांत रूपांतर करून घ्या आणि ती वाक्यं जपून ठेवा. आयोगासमोर उभं राहायची वेळ आली, तर फोटोतला सूर्यास्त कामाला येणार नाही, ती वाक्यंच येतील.